आठ वर्षांची प्रीमिएअर

डेन्मार्कच्या प्रीमिएअर या विमान कंपनीला आयुष्य लाभलं ते अवघं आठ वर्षांचं. १९९४मध्ये ती जन्माला आली आणि २००२मध्ये तिचं नाव पुसलं गेलं. तिच्या कहाणीची सुरुवात मात्र एका पाद्र्यापासून होते.

आयलिफ क्रोगागर हे एस्बियर्गजवळच्या त्येरेबोर्ग गावचे धर्मगुरू. १९५०मध्ये त्यांनी गावकऱ्यांना बसने थेट स्पेनला नेलं. उत्तरेतला लांबलचक हिवाळा सोसणाऱ्या माणसांना परवडेल अशा भावात ऊन मिळालं, तर ती रांग लावतील हे त्यांनी ओळखलं. गावाच्याच नावाने सहल कंपनी उभी राहिली आणि तिच्यासाठी १९६२मध्ये स्टर्लिंग ही विमान कंपनी.

त्या काळी नियमित विमानांची भाडी आंतरराष्ट्रीय करारांनी बांधलेली असत. विमानप्रवास आणि मुक्काम एकत्र विकला, तर सहलींसाठी चालणाऱ्या चार्टर विमानाला त्यातून मोकळीक मिळे. मग ठरलेल्या वारी विमान स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या पाल्माला उतरायचं, नवे पाहुणे खाली आणि उन्हाने लाल झालेले जुने पाहुणे वर. रिकामी खुर्ची म्हणजे थेट तोटा, त्यामुळे हे रहाटगाडगं थांबून चालत नसे. या बेटावर अख्खं डुक्कर भाजून होणाऱ्या मेजवान्या तर डॅनिश पर्यटकांची ओळखच बनल्या.

फेऱ्या पुढे आशियापर्यंत पोहोचल्या. १४ मार्च १९७२ रोजी कोलंबोहून मुंबईमार्गे परतणारं स्टर्लिंगचं कॅराव्हेल विमान दुबईला उतरताना डोंगरावर आदळलं. त्यातले सर्व ११२ जण गेले.

क्रोगागर यांचे प्रतिस्पर्धी होते सिमोन स्पीस. १९५६मध्ये सहलींच्या धंद्यात उतरलेल्या स्पीस यांनी फ्लाइंग एन्टरप्राइझ या बुडालेल्या विमान कंपनीची विमानं घेतली आणि कोनएअर ही स्वतःची विमान कंपनी उभी केली. १९८३मध्ये त्यांनी आपल्याच कंपनीतल्या वीस वर्षांच्या यान्नीशी लग्न केलं. पुढच्याच वर्षी ते वारले आणि सगळा कारभार तिच्या हाती आला. १९८९मध्ये तिच्या कंपनीने त्येरेबोर्ग सहल कंपनीही विकत घेतली.

१९९३मध्ये स्टर्लिंगचं दिवाळं वाजलं. युरोपातल्या विमानसेवेवरची बंधनं सुटत होती, त्यामुळे चार्टरची जुनी सवलत आता एकट्या चार्टरची उरली नव्हती. अशा वेळी कोनएअर आणि एसएएस या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीच्या परिवारातली स्कॅनएअर एकत्र आल्या. तीच प्रीमिएअर. एकीकडून एअरबस आली, दुसरीकडून डीसी-१०. १९९४मध्येच ब्रिटनच्या एअरटूर्स या सहल कंपनीने स्कॅनएअरच्या बाजूची सहल कंपनी घेतली आणि १९९६मध्ये स्पीस यांची सहल कंपनीही. प्रीमिएअर पूर्णपणे ब्रिटिश मालकाची झाली. २००२मध्ये एअरटूर्सने मायट्रॅव्हल हे नाव घेतलं, तेव्हा विमानांवरही तेच रंगवलं गेलं.

प्रीमिएअर ना कोसळली ना बुडाली. चार्टर कंपनी ही मुळात सहल विकणाऱ्या दुकानाचाच एक विभाग. दुकानाचा मालक बदलला की विमानावरची पाटी बदलणारच. पुढे तीच कंपनी थॉमस कुक या सहल कंपनीच्या नावाने उडाली. २०१९मध्ये थॉमस कुक बुडाली, तरी स्कँडिनेव्हियातला धंदा नव्या मालकांनी वाचवला. आज ती कंपनी सनक्लास एअरलाइन्स या नावाने कोपनहेगनहून पर्यटकांना उन्हाकडे नेते.