क्विक टाइम इव्हेंट
अ‍ॅक्शन व्हिडिओ गेममधील एक रचना. पडद्यावर बटणाचे चिन्ह क्षणभर झळकते. तेवढ्यात खेळाडूने तेच बटण दाबायचे. हुकले, की पात्र बहुधा मरते आणि प्रसंग पुन्हा खेळावा लागतो. या प्रकाराचे मूळ डॉन ब्लूथ यांच्या अ‍ॅनिमेशनने सजलेल्या ‘ड्रॅगन्स लेअर’ (१९८३) या लेझरडिस्कवरील आर्केड गेममध्ये सापडते. नाव मात्र यू सुझुकी दिग्दर्शित, सेगाच्या ‘शेनमू’मुळे (१९९९) रूढ झाले.

कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’मधील (२००५) क्राउझर या शत्रूशी होणारी सुरीची झटापट या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. संवाद चालू असतो, खेळाडू कंट्रोलर सैल धरून निवांत बसलेला असतो आणि चिन्ह नेमके तेव्हाच उमटते. तासन्‌तास कमावलेली नेमबाजी इथे कुचकामी. खरा त्रागा त्याचाच. शिवाय हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्यांना, काही प्रसंगांत लागते तसे, एकच बटण भराभर दाबणे जमतेच असे नाही. ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’मध्ये (२०१८) असे प्रसंग आपोआप पार पाडण्याची सोय आहे. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’च्या २०२३ मधील नव्या अवतारात क्राउझरशी होणारी झटापट प्रत्यक्ष खेळायची लढत झाली, आणि ती मूळ प्रसंगापेक्षा निःसंशय सरस आहे.