क्रमांकांची साक्ष

मूळ कोणते आणि मागाहून आलेले कोणते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध होत होती, तेव्हा १९१९ ते १९६६ या काळात हजाराहून अधिक हस्तलिखितांना हाच प्रश्न विचारला गेला. तोच प्रश्न एखाद्या पोलादी वस्तूला विचारला तर ती काय उत्तर देते, हे पाहण्यासाठी आम्ही जर्मन सैन्याचे ल्यूगर पिस्तूल निवडले आहे. शस्त्राचे कौतुक करण्याचा आमचा हेतू नाही. ते माणसे मारण्यासाठी घडवले गेले, याचा विसर पडू देता येणार नाही. मात्र पुरावा वाचावा कसा आणि तो पुसला जातो कसा, याचा इतका स्पष्ट पाठ क्वचितच सापडतो.

ह्यूगो बोर्खार्टच्या १८९३ च्या पिस्तुलात सुधारणा करून गेओर्ग ल्यूगरने हे पिस्तूल घडवले. जर्मन नौदलाने ते १९०४ मध्ये स्वीकारले, तर भूदलाने १९०८ मध्ये. म्हणून त्याचे नाव 'पी-०८'. बर्लिनचा डीडब्ल्यूएम कारखाना आणि एर्फुर्टची सरकारी शस्त्रशाळा यांनी पहिल्या महायुद्धापर्यंत आणि त्या युद्धात ते मोठ्या संख्येने तयार केले. त्या काळी प्रत्येक भाग कारागीर हाताने बसता करीत असे. एकाचा भाग दुसऱ्यात नीट बसेलच, याची खात्री नसे. म्हणून नळी, सांगाडा आणि वरचा सरकता भाग यांवर क्रमांक उमटवीत. चाप, खटके, बाजूची पट्टी अशा लहान भागांवर त्याच क्रमांकाचे शेवटचे दोन अंक. क्रमांक दरवर्षी नव्याने सुरू होत आणि दहा हजार झाले की पुढे अक्षर जोडले जाई. म्हणजे नुसत्या चार अंकांवरून पिस्तूल ओळखता येत नाही. कारखाना, साल आणि अक्षर मिळूनच त्याची ओळख पुरी होते.

येथे वाचकाने सावध राहिले पाहिजे. दोन अंकांची जुळणी शंभरात एकदा निव्वळ योगायोगानेही होऊ शकते. एका भागाची साक्ष म्हणूनच दुबळी; दहा-पंधरा भाग एकाच सुरात बोलू लागले की ती बळकट होते. त्यातही अंक केवळ जुळून भागत नाही. त्यांचे वळण त्या कारखान्याचे आहे काय? एर्फुर्टचे निरीक्षक अगदी बारीक भागांवरही मुकुटचिन्हाचा शिक्का मारीत. तो आहे काय? जुन्या पिस्तुलांवर सावकाश गंजवून निळसर झिलई चढवलेली असे आणि सांगाड्याची आतली बाजू धातूच्या मूळ रंगाची राही. चाप आणि काही खटके तापवून गवताच्या काडीसारख्या पिवळसर छटेचे केलेले असत. १९३७ च्या सुमारास माउझर कारखान्याने क्षारांच्या तप्त द्रावणात बुडवून झिलई देण्याची पद्धत घेतली, आणि लहान भागही निळे झाले. १९४० च्या पिस्तुलाला पिवळसर चाप दिसला, तर तो अन्य काळातून आला असावा, अशी शंका घ्यावी लागते.

सगळे क्रमांक जुळणाऱ्या पिस्तुलाला बाजारात अधिक मोल येते, आणि तेथूनच खोटेपणा सुरू होतो. परका भाग आणावा, त्यावरचा अंक घासून काढावा, हवा तो ठोकावा, वर नवी झिलई द्यावी. ठसा ठोकताना त्याच्या कडेला धातू किंचित वर उचलला जातो. घासकामात ती कड सपाट होते. जाणकाराचे बोट नेमके तेथे थांबते. याउलट, सोव्हिएत संघाने दुसऱ्या महायुद्धात हस्तगत केलेली ल्यूगर पिस्तुले पुढे सुटी करून, झिलई देऊन, मिळतील ते भाग घालून पुन्हा जोडली गेली. त्यांचे अंक जुळत नाहीत. पण ती खोटे बोलत नाहीत. त्यांच्यावर काय बेतले, हे ती विसंगतीच सांगते.

सर्वांत अवघड उदाहरण सुल गावच्या सिम्सन कारखान्याचे. व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणले, आणि १९२० च्या दशकात त्या सैन्याला पिस्तुले पुरवण्याचे अधिकृत काम सिम्सनकडे आले. त्यांच्या काही पिस्तुलांत कैसरच्या काळातले भाग वापरलेले आहेत. तेथे जुना भाग हा प्रक्षेप नव्हे. तोच मूळ पाठ आहे. सिम्सन कुटुंब ज्यू होते. नाझी राजवटीने १९३५-३६ मध्ये कारखाना हिरावून घेतला, कुटुंबाला देश सोडावा लागला, आणि कारखान्याच्या नावातूनही ते पुसले गेले. उरली ती पोलादावर कोरलेली अक्षरे. 'शुद्धी'च्या हौसेने त्यांतला एखादा भाग बदलणारा संग्राहक काय नाहीसे करतो, हे वेगळे सांगायला नको.

आम्हांस वाटते, मूळपण दोन प्रकारचे असते: कारखान्याच्या दारातून बाहेर पडतानाचे, आणि नंतरच्या आयुष्याने दिलेले. चिकित्सित आवृत्तीच्या संपादकाला पहिल्याचा शोध घ्यावाच लागतो. परंतु त्याने नाकारलेले पाठही तो तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवतो. पुढच्या अभ्यासकाला त्याच्याशी वाद घालता यावा, म्हणून. कानशीला तळटिपा नसतात. तिने जे घासले ते कायमचे गेले.