विस्तवापासून आगकाडीपर्यंत

दोन कुटुंबांत कमालीचें वांकडें आलें म्हणजे त्यांच्यांत विस्तव जात नाहीं असें आपण म्हणतों. हा वाक्प्रचार आज जो सहज वापरतो त्यास, विस्तव एका घरांतून दुसऱ्या घरांत मुळीं कां जावा, याची बहुधा कल्पना नसते. अर्थ अगदीं साधा आहे. सकाळीं चुलींतील राख उकरली आणि रात्रीं पुरून ठेवलेला निखारा विझलेला निघाला, तर घरच्या बाईनें गोवरीचा तुकडा किंवा फुटकी खापरी हातांत घेऊन शेजारीं जावें व तेथून विस्तव आणावा, ही रीत एकट्या महाराष्ट्राचीच नव्हे, तर फार मोठ्या जगाची होती. मीठ, विरजण यांप्रमाणें विस्तव ही मागून आणण्याची वस्तु होती. तेव्हां ज्या घराशीं विस्तवाचीहि देवघेव उरली नाहीं, त्या घराशीं कांहींच उरलें नाहीं.

जुन्या शेजारधर्माचे गोडवे गाणारांनीं मात्र येथें थोडें थांबावें. विस्तव मागणें वाटतें तितकें निर्वेध नव्हतें. कोणाच्या चुलींतला घ्यावा व कोणाच्या घेऊं नये याचे निर्बंध जातिभेदानें घातले होते. दिवेलागणीनंतर विस्तव घराबाहेर देऊं नये असेंहि कित्येक घरीं पाळीत. ज्यास आपल्या दारीं नडल्यावांचून कोणी येत नाहीं, त्यास नकार देण्यांत माणसास एक प्रकारची सत्ता भासते. ती सत्ता एका लहानशा काडीनें नाहींशी केली. आगगाडी, तारायंत्र यांचे इतिहास पुष्कळांनीं लिहिले; परंतु घरच्या बाईच्या दिनक्रमांत सर्वांत आधीं व सर्वांत खोल जो फरक झाला तो या काडीनें, असें आम्हांस वाटतें.

चकमक नव्हती असें नाहीं. गुराखी, धनगर, शिपाई व तंबाखू ओढणारे यांच्याजवळ ती असेच. पोलादाचा वळवलेला तुकडा, सह्याद्रीच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत सांपडणारी गार आणि सावरीचा कापूस एवढें तिचें साहित्य. ठिणगी गारेंतून निघते असें पाहणारास वाटतें. वास्तविक ती पोलादाची असते. गारेच्या धारेनें पोलादाचा सूक्ष्म कीस निघतो, घर्षणानें तो तापतो आणि हवेंत जळूं लागतो. ही ठिणगी कापसावर झेलावयाची, फुंकावयाची, आणि धुमसणाऱ्या कापसावरून वाळलेल्या पाल्यास ज्वाला आणावयाची. सवयीच्या हातास हें काम जड नाहीं. पण आषाढांत कापूस दमट झाला असतां, अंधारांत, कडेवर रडतें मूल घेऊन तें करून पाहावें, म्हणजे राखेंतला निखारा जपण्याची धडपड कशासाठीं होती तें कळेल.

रसायनशास्त्रानें हें काम हातीं घेतलें तें कांहीं गृहिणींच्या कळवळ्यानें नव्हे. हँबर्ग येथील हेनिंग ब्रांट हा मानवी मूत्र आटवून त्यांतून सोनें काढण्याच्या खटपटींत होता. सन १६६९ त त्यास सोन्याऐवजीं अंधारांत चमकणारा एक मेणासारखा पदार्थ मिळाला. हाच फॉस्फरस, आपल्या शेतकऱ्यांस खताच्या पिशवीवरील ‘स्फुरद’ या नांवानें तो परिचित आहे. पुढें शंभर वर्षांनीं स्वीडनमध्यें तो जनावरांच्या हाडांपासून काढतां येऊं लागला व स्वस्त झाला. काडीचा उपयोग मात्र प्रथम त्यावांचूनच झाला. १८०५ त पॅरिसच्या शान्सेल यानें पोटॅशियम क्लोरेट, गंधक व साखर यांचें गूल लावलेली काडी केली. पण ती पेटविण्यास तीव्र गंधकाम्लाची बाटली जवळ बाळगावी लागे. इंग्लंडांतील स्टॉक्टन-ऑन-टीज येथील औषधविक्रेता जॉन वॉकर यानें १८२७ त घांसून पेटणारी काडी विकावयास काढली. तिच्या गुलांत क्लोरेट व सुरम्याच्या जातीचें अँटिमनीचें खनिज असे. घडी घातलेल्या कांचकागदांतून ती झटक्यानें ओढली म्हणजे पेटे. वॉकरनें शोधाचें पेटंट घेतलें नाहीं. लंडनच्या एका व्यापाऱ्यानें तीच काडी ‘ल्यूसिफर’ नांवानें विकली, आणि नांव त्याच्या काडीचें झालें.

वॉकरची काडी लहरी होती. कधीं पेटे, कधीं गूलच उडून पडे. १८३१ च्या सुमारास शार्ल सोरिया या फ्रेंच विद्यार्थ्यानें गुलांत पांढरा फॉस्फरस घातला आणि ती उणीव गेली. ही काडी भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर, कोठेंहि ओढली तरी पेटे. कांहीं वर्षांत ती युरोपभर पसरली. शेजाऱ्याकडे जाण्याचें कारण उरलें नाहीं. मात्र शेजाऱ्याच्या जागीं आतां एक अनोळखी मनुष्य आला होता, आणि त्याच्या घरीं काय चाललें आहे तें गिऱ्हाइकास दिसत नव्हतें.

पांढरा फॉस्फरस हें जहाल विष आहे. एका पेटींतील काड्यांच्या गुलांत माणूस मारण्यापुरतें विष असे. लहान मुलांनीं काड्या चोखाव्या आणि मरावें, कोणी गूल पाण्यांत कालवून जीव द्यावा, असे प्रकार युरोपांत वारंवार घडले. पण खरा अनर्थ कारखान्यांत होता. काड्यांचीं टोंकें ऊन लगद्यांत बुडवावयाचीं, वाळवावयाचीं, मग हातांनीं पेट्यांत भरावयाचीं. या सर्व वेळ फॉस्फरसची वाफ श्वासावाटे व अन्नावाटे कामकऱ्यांच्या तोंडांत जाई. किडलेला दांत असला कीं रोगास वाट मिळाली. आधीं दांत दुखे, मग हिरडी सुजे, मग जबड्याचें हाड सडूं लागे व त्यास असह्य दुर्गंधि येई. कित्येकांचा जबडा कापून काढावा लागे. न काढल्यास पुष्कळदां मृत्यु. हाडांपासून काढलेला पदार्थ जिवंत माणसाच्या हाडावर उलटला. हा रोग व्हिएन्नाच्या लोरिन्सर या डॉक्टरानें १८४५ त वर्णन करून ठेवला होता. म्हणजे त्याचें कारण कोणास ठाऊक नव्हतें, असें पुढें कोणासच म्हणतां येणार नाहीं.

उपायहि त्याच दशकांत सांपडला, आणि आमच्या मतें या इतिहासाचें सारें मर्म येथें आहे. स्वीडनच्या गुस्टाफ एरिक पाश यानें १८४४ त अशी युक्ति काढली कीं पेट घेणारे पदार्थ एकत्र ठेवूंच नयेत. कांहीं काडीवर असावे, फॉस्फरस पेटीच्या कडेवर असावा. व्हिएन्नाच्या आन्टोन श्रॉटर यानें त्याच सुमारास दाखविलें कीं हवा लागूं न देतां पांढरा फॉस्फरस तापविला तर त्याचें तांबड्या, निर्विष रूपांत परिवर्तन होतें. या दोहोंचा मेळ घालून यन्शपिंग येथील लुंडस्ट्रम बंधूंनीं निर्धोक काडी बाजारांत आणली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनांत तीस पदक मिळालें. आज आपल्या घरीं जी पेटी आहे ती जवळजवळ हीच. काडीच्या गुलांत मुख्यतः पोटॅशियम क्लोरेट व गंधक. पेटीच्या कडेच्या तपकिरी पट्टीवर तांबडा फॉस्फरस व कांचेची पूड. काडी ओढतांच कणभर तांबडा फॉस्फरस उष्णतेनें पेट घेतो आणि गूल त्यावर पेटतें. काडी आधीं मेणांत बुडविलेली असते, म्हणून ज्वाला लांकडावर टिकते.

ज्या वर्षीं निर्धोक काडीस पदक मिळालें त्याच वर्षीं लंडनच्या ब्रायंट अँड मे या कंपनीनें तिचे ब्रिटनपुरते हक्क विकत घेतले. मग जबडे सडणें बंद व्हावयास पाहिजे होतें. तें झालें नाहीं; पुढें पन्नास वर्षें झालें नाहीं. निर्धोक काडी महाग पडे, शिवाय तिला तिचीच पेटी लागे. भिंतीवर काडी ओढण्याची संवय जडलेल्या गिऱ्हाइकास तेवढा त्रास नको होता, आणि कारखानदारास गिऱ्हाईक नको म्हणतें ही सबब फार सोयीची झाली. त्याच कंपनीच्या छपरांखालीं विषारी काडीहि निघतच राहिली. या दिरंगाईचा दोष लोक सामान्यतः मालकांच्या माथीं मारतात आणि तें योग्यच आहे. परंतु दोन पेट्यांतील किंमतीचा फरक पाहून स्वस्त पेटी उचलणारा हातहि त्या हिशेबांत धरला पाहिजे.

१८८८ च्या जून महिन्यांत ॲनी बेझंट यांनीं या कारखान्यांतील मुलींच्या स्थितीवर एक जळजळीत लेख लिहिला. होमरूल लीग स्थापणाऱ्या व १९१७ त काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या बेझंटबाई त्या ह्याच. तेव्हां त्यांचा थिऑसफीशीं संबंध यावयाचा होता. तुटपुंजी मजुरी, आणि त्यांतूनहि पाय घाण असले, बोलणें केलें, जागेखालीं केर पडला म्हणून दंड. वर जेवण त्याच विषारी हवेंत. जुलैमध्यें सुमारें चौदाशें मुली व स्त्रिया काम सोडून बाहेर पडल्या. दंड रद्द झाले, जेवणास वेगळी जागा मिळाली, त्यांची संघटना झाली. इंग्लंडच्या मजूर-चळवळींत या संपाला मोठें स्थान देतात व तें यथार्थ आहे. पण पांढरा फॉस्फरस तेथेंच राहिला, ही गोष्ट संपाच्या गौरवांत कित्येकदां विसरली जाते. १८९१ त सॅल्व्हेशन आर्मीनें लंडनांतच तांबड्या फॉस्फरसचा कारखाना काढून हें काम विषावांचून करतां येतें हें दाखविलें. १८९८ त उपर्युक्त कंपनीस रोगाचे सतरा प्रकार सरकारपासून लपविल्याबद्दल सुमारें पंचवीस पौंड दंड झाला. सतरा जबड्यांचे पंचवीस पौंड!

शेवटीं निकाल लावला तो कायद्यानें. फिनलंड व डेन्मार्क यांनीं हें विष १८७२ व १८७४ तच बंद केलें होतें. कोठेंहि ओढतां येणारी पण निर्विष काडी १८९८ त सेव्हेन व काएन या दोघां फ्रेंचांनीं शोधली, तेव्हां संवयीची सबबहि संपली. १९०६ त बर्न येथें राष्ट्रांचा करार झाला. ब्रिटननें १९०८ त कायदा करून १९१० पासून बंदी अमलांत आणली, आणि हिंदुस्थानांत ती १९१३ च्या कायद्यानें आली. लोरिन्सरच्या निबंधापासून तोंवर अडुसष्ट वर्षें लोटलीं होतीं.

आपल्याकडे काडी आली ती स्वीडन व जपान येथून. जपानी व्यापारी तर पेट्यांवर आपल्या देवदेवतांचीं चित्रें छापून पाठवीत. अग्नि परदेशी, पण वर लक्ष्मी नाहीं तर कृष्ण. १९२२ त सरकारनें आपल्या तिजोरीसाठीं एका ग्रोसवर, म्हणजे एकशें चव्वेचाळीस पेट्यांवर, दीड रुपया जकात बसविली. हेतु संरक्षणाचा नव्हता, पण परिणाम तोच झाला व देशांत कारखाने भराभर निघाले. जकातीच्या भिंतीबाहेर राहण्यापेक्षां स्वीडिश कंपनीच आंत आली: १९२३ त वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विमको, स्थापन झाली आणि लवकरच मुंबईजवळ अंबरनाथ येथें तिचा कारखाना उभा राहिला. त्या कंपनीमागील ईव्हार क्रूगर यानें सरकारांना कर्जें देऊन त्यांच्याकडून काड्यांचे मक्ते मिळविले होते. १९३२ त पॅरिस येथें त्यानें स्वतःस गोळी घालून घेतली आणि त्याचा डोलारा कोसळला. अंबरनाथचा कारखाना मात्र त्यानंतरहि कित्येक दशकें चालला. या देशी काड्यांस पुष्कळदां लांकूड लागे तें सावरीचें. जिचा कापूस चकमकीस लागे तीच ही सावर.

दुसरीकडे, दक्षिणेंतील शिवकाशीचे अय्या नाडर व षण्मुग नाडर हे दोघे तरुण त्याच सुमारास कलकत्त्यास जाऊन हा धंदा शिकून आले. पावसाची वाण असलेल्या त्या मुलुखांत शेतीनें पोट भरत नव्हतें, आणि कोरडी हवा काड्या वाळविण्यास उत्तम. हातानें काड्या रचण्याचें काम घरोघर पसरलें. हजारों कुटुंबांस त्यानें अन्न दिलें हें खरें. पण अन्न मिळविणाऱ्या हातांत मुलांचे हातहि होते. येथें फॉस्फरस निर्विष होता, तरी बोटें आठदहा वर्षांचीं होतीं. १९८६ च्या कायद्यानें आगकाड्यांच्या कारखान्यांत मुलांस कामास लावण्यास बंदी केली, आणि शिवकाशीच्याच प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९९६ त सविस्तर आदेश दिले. येथेंहि कायदा आला तो धंद्यास साठांहून अधिक वर्षें होऊन गेल्यावर.

हल्लीं गॅसच्या शेगडीपाशीं लायटर असतो. त्याचा खटका दाबला म्हणजे आंतील खड्यावर आघात होऊन विजेचा दाब उत्पन्न होतो व ठिणगी पडते. स्फटिकांचा हा गुण १८८० त क्यूरी बंधूंनीं शोधला. ज्या स्फटिकांवर त्यांनीं प्रयोग केले त्यांत गार, म्हणजे क्वार्ट्झ, हाहि होता. पण निरांजनास, उदबत्तीस आणि वीज गेल्यावर मेणबत्तीस काडीच लागते. काड्यांच्या पेटीची किंमत २००७ पासून एक रुपयावर अडून होती. १ डिसेंबर २०२१ रोजीं ती दोन रुपये झाली. पुढें स्वस्त परदेशी लायटरांनीं काडीचा बाजार उठविला अशी दक्षिणेंतील कारखानदारांची ओरड झाली, तेव्हां जून २०२३ मध्यें केंद्र सरकारनें वीस रुपयांहून कमी किंमतीच्या सिगरेट-लायटरांची आयात बंद केली.