तारलीच्या पोटातले करंडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ताजी तारली साफ करताना तिच्या पोटातून लांबच लांब, वेटोळं घातलेलं आतडं निघतं. ते आपण खवल्यांबरोबर मांजरापुढे टाकतो. इसवणाचं पोट फाडलं तर त्यात कधी पेडवे निघतात, कधी बांगडा निघतो. तारलीच्या आतड्यात असा ओळखू येणारा घास दिसत नाही. तिथे असतो हिरवट-तपकिरी लगदा. हा लगदा नेमका कशाचा, हे सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहण्याचं काम १९२०च्या दशकात मद्रास सरकारच्या मत्स्य खात्यातल्या जेम्स हॉर्नेल आणि रामस्वामी नायुडू या दोघांनी मन लावून केलं.

त्यांना ही उठाठेव करावी लागली, कारण त्यात पैशाचा प्रश्न होता. मलबारच्या किनाऱ्यावर तारलीचं तेल काढायचं आणि उरलेला चोथा मळ्यांना खत म्हणून विकायचा, असा मोठा धंदा उभा राहिला होता. सर फ्रेडरिक निकल्सन यांनी त्याला सरकारी उत्तेजन दिलं होतं. पण तारली लहरी. एका साली किनाऱ्यावर रास पडावी आणि दुसऱ्या साली तेलाच्या कढईखाली चूलही पेटू नये. ती येते का आणि रुसते का, याचा शोध घेता घेता हॉर्नेल आणि नायुडू तिच्या जेवणापर्यंत पोहोचले. त्या लगद्यात त्यांना काचेच्या चुऱ्यासारखी चमकणारी, नक्षीदार, अतिसूक्ष्म कवचं मोठ्या संख्येनं दिसली. ती कवचं डायटमांची होती.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस. समुद्र म्हटला की आम्ही कवी मंडळी लाटा, चंद्र, गलबतं आणि विरह एवढ्यावर भागवतो. पण या डायटमांना मराठीत कुणीतरी ‘करंडक वनस्पती’ असं नाव देऊन ठेवलं आहे, ते मला कुठल्याही कवितेइतकं आवडतं. कुंकवाचा करंडा आठवा. खालचा भाग, वर किंचित मोठं झाकण, दोन्ही एकमेकांत घट्ट बसलेले. डायटमचं कवच हुबेहूब असंच असतं. फक्त करंडा असतो सिलिकाचा, म्हणजे काचेच्या जातीचा, आणि त्याची लांबी बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाइतकी. आत एकच पेशी. ती सूर्यप्रकाशात स्वतःचं अन्न तयार करते. पृथ्वीवर प्रकाशाच्या बळावर जेवढं अन्न तयार होतं, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या करंड्यांत शिजतो, असा अंदाज आहे. आपण घेतो त्या प्राणवायूतही त्यांचा तेवढाच वाटा.

आपल्या किनाऱ्यावर त्यांचा हंगाम पावसाळ्यात. नैऋत्येचा वारा सुटला की खोलवरचं थंड, खतानं समृद्ध पाणी वर येतं, आणि कर्ली, गड या नद्या सह्याद्रीच्या कातळातलं सिलिका समुद्रात आणून ओततात. करंडे घडवायला लागणारा सगळा माल एकाच वेळी हजर होतो. होड्या तेव्हा वाळूवर झापांखाली झाकलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होईपर्यंत आत मेजवानी मांडून झालेली असते. मग रापणी लागतात आणि तारली, बांगडा किनाऱ्याशी येतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे त्यांना ओळखायचं कसं. पिठाच्या गिरणीत मैदा चाळायला जे बारीक रेशमी कापड वापरत, त्याच्या शंकूसारख्या जाळ्या करून पूर्वी समुद्राचं पाणी गाळत. आज नायलॉन वापरतात. गाळलेला ऐवज आम्लात उकळला की आतला जीव जळून जातो आणि नुसती कवचं उरतात. मग त्यांच्यावरच्या रेघा मोजायच्या, छिद्रं पाहायची, मधे बारीक चीर आहे की नाही ते तपासायचं. एकोणिसाव्या शतकात युरोपात नवा सूक्ष्मदर्शक विकत घेताना गिऱ्हाईक त्याखाली डायटम ठेवून पाहत असे. कवचावरच्या रेघा सुट्या दिसल्या तर भिंग चांगलं. आकारावर मात्र भरवसा ठेवता येत नाही. पेशीचे दोन भाग झाले की प्रत्येक भाग करंड्याचं एक एक अंग घेतो आणि त्यात बसेल असं नवं, लहान अंग घडवतो. त्यामुळे पिढी दर पिढी बहुतेकांची चण लहान होत जाते, आणि फारच लहान झाली की पेशी कवच टाकून फुगते आणि पुन्हा मोठा करंडा घडवते. आजी आणि पणती शेजारी ठेवल्या तर परक्या वाटाव्यात, असा हा प्रकार. एकाच जातीला दोन-दोन नावं पडली, त्यामागे हेही एक कारण आहे.

नावांचा घोळ मुळापासूनच होता. जर्मनीचे एरेनबर्ग हे या विषयातले मोठे पंडित. १८३८च्या त्यांच्या प्रचंड ग्रंथात त्यांनी डायटमांना प्राणी ठरवलं, त्यांना पोटं आहेत असंही लिहिलं! १८४४ साली क्युट्झिंग यांचा ग्रंथ आला आणि हळूहळू डायटम वनस्पतींच्या पंगतीत बसले. एरेनबर्ग यांची थट्टा करायला नको. तांबड्या समुद्रात सिनाईजवळच्या तूर बंदरात १८२३ साली त्यांनी पाणी रक्तासारखं लाल झालेलं पाहिलं, ते गोळा केलं आणि त्यातल्या जीवाला ‘ट्रायकोडेस्मियम एरिथ्रियम’ हे नाव दिलं, ते आजही चालतं. आमच्याकडची जुनी माणसं मुंबईहून आगबोटीनं हजला जात, तेव्हा याच तांबड्या समुद्रातून जेद्दाला उतरत. तोच जीव आपल्या दारातही येतो. फेब्रुवारी ते मेपर्यंत, वारा पडलेला असताना गोव्याच्या समुद्रावर लाकडाच्या भुशासारखा पिवळट-तपकिरी थर पसरतो, त्यावर देवासी, भट्टतिरी आणि कासिम यांनी १९७८ साली सविस्तर निबंध लिहिला. हा डायटम नव्हे. तो सूक्ष्मजंतूंच्या कुळातला, हवेतला नायट्रोजन पाण्यात बांधून ठेवणारा. वरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा पाण्याचा रंग बदललेला दिसतो. फरक भिंगाखालीच कळतो.

पुन्हा तारलीकडे येऊ. तिच्या पोटात जे करंडे सापडले, त्यांत एकाचं नाव पुढे फार गाजलं : ‘फ्रॅजिलॅरिया ओशिॲनिका’. फितीसारख्या साखळीत राहणारा हा डायटम. १९५५ साली नायर आणि सुब्रह्मण्यन या दोघांनी ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं की पाण्यात हा डायटम विपुल दिसला की तारली विपुल येणार असं समजावं. मच्छीमाराच्या दृष्टीनं यापेक्षा उपयोगी विज्ञान कोणतं? जाळं टाकण्याआधी बाटलीभर पाणी पाहा आणि हंगामाचा अदमास घ्या.

यातले आर. सुब्रह्मण्यन हे मद्रासच्या एम. ओ. पी. अय्यंगार यांचे शिष्य. भारतातलं शैवालशास्त्र ज्यांनी उभं केलं, ते हे अय्यंगार. सुब्रह्मण्यन यांनी १९४६ साली मद्रास किनाऱ्यावरच्या सागरी डायटमांची पद्धतशीर वर्णनं छापली. त्यानंतर कालिकतला वर्षानुवर्षं पाणी तपासून १९५९ साली पश्चिम किनाऱ्यावरचं काम प्रसिद्ध केलं. पावसाळ्यातला हा किनारा जगातल्या अतिशय सुपीक समुद्रांच्या तोडीचा आहे, हे त्यातून पुढे आलं.

मुंबईत एला गोन्साल्विस या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९४७ साली मुंबई बंदरातले प्लवक ऋतूप्रमाणे कसे बदलतात ते नोंदवलं. प्लवक म्हणजे पाण्याबरोबर तरंगत जाणारे जीव. त्यांच्याबरोबर एच. पी. गांधी यांनी मुंबई आणि साष्टीच्या डायटमांची यादी केली. हे गांधी विलक्षण गृहस्थ. पुढे ते गोड्या पाण्याकडे वळले आणि कोल्हापूरच्या परिसरात हिंडले. पन्हाळगडावरच्या पाण्यातल्या डायटमांवर त्यांचा निबंध १९५९ साली ‘हायड्रोबायोलॉजिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. पन्हाळ्याचं नाव घेताच आपल्याला सिद्दी जौहरचा वेढा आठवतो. गडाच्या पाण्यात बाटली बुडवणारा हा माणूस कुणाला आठवत नाही. १९८४ साली सरोदे आणि कामत यांनी महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्याच्या डायटमांवर अख्खा ग्रंथच काढला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हे काम आजही चालू आहे.

आता गंमत ऐका. फ्रॅजिलॅरिया ओशिॲनिका हे नाव पहिल्यांदा दिलं ते स्वीडनच्या क्लेव्हे यांनी, १८७३ साली. क्लेव्हे हे पेशानं रसायनशास्त्रज्ञ. होल्मियम आणि थुलियम या मूलद्रव्यांच्या शोधाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. आणि ज्या डायटमला त्यांनी हे नाव दिलं, तो होता आर्क्टिकच्या समुद्रातला, बर्फाच्या शेजारचा. नॉर्वेच्या ग्रेथे हासले यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याची तपासणी केली. त्याच्या कवचाच्या कडेला एक चीर असते, जी फ्रॅजिलॅरियाला नसते. म्हणून १९६५ साली त्यांनी त्याला त्या कुळातून उचलून ‘फ्रॅजिलॅरिऑप्सिस’मध्ये नेऊन बसवलं. तो उत्तरेकडच्या थंड पाण्याचा रहिवासी मानला जातो. मग मलबारच्या आणि आपल्या कोमट पाण्यात तारलीचं पोट भरणारा तोच का? की तसाच दिसणारा दुसरा कुणी, ज्याला आपण शंभर वर्षं परक्याच्या नावानं हाक मारत आलो? आपल्याकडच्या निबंधांतून हेच नाव पुढे चालत आलं आहे.

नावात काय आहे, असं म्हणायची पद्धत आहे. इथे पुष्कळ काही आहे. थंड पाण्याचा जीव आणि कोमट पाण्याचा जीव समुद्र तापू लागल्यावर सारखे वागणार नाहीत. केरळात २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली ती ३,२९७ टनांवर आली, पुढच्याच वर्षी पुन्हा लाखाच्या वर गेली. मासा कुठे गेला, यावर आपल्या किनाऱ्यावरही भांडणं कमी नाहीत. रापणकर पर्ससीनवाल्यांकडे बोट दाखवतात. २०१६ साली राज्य सरकारनं पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, ते माझ्या मते योग्यच झालं. पण जाळ्यानं किती नेलं आणि उपासमारीनं किती गेलं, हा हिशेब मांडायचा तर ताटात काय वाढलेलं होतं ते ठाऊक पाहिजे, आणि ते मोजणारा माणूस आधी त्या घासाचं खरं नाव सांगू शकला पाहिजे.

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती दोना पावलाला, म्हणजे मालवणहून मोटारीनं काही तासांवर. तिचे शास्त्रज्ञ १९९७पासून कांदोळीच्या समोरच्या समुद्रात ठरलेल्या जागी जाऊन पाणी तपासत आले आहेत. १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९.१२ चौरस किलोमीटरचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यावर बोलताना प्रवाळ येतात, मासे येतात, डॉल्फिन तर येतातच. करंड्यांचं नाव क्वचित निघतं. ज्यांच्या जिवावर बाकीचे जगतात, त्यांचा फोटो पर्यटनाच्या पत्रकावर छापता येत नाही, हे एक कारण असावं.

एका सूक्ष्मजीवाचे फोटो मात्र सगळ्यांनी काढले. २०२०च्या नोव्हेंबर-डिसेंबरात देवगडपासून मुंबईपर्यंत ठिकठिकाणी रात्री लाटा निळ्या उजळल्या. लोक गाड्या काढून पाहायला गेले. तो प्रकाश नॉक्टिल्युकाचा. १८१० साली मॅकार्टनी यांनी त्याला जेलीफिशच्या कुळात टाकलं होतं. आज तो डायनोफ्लॅजेलेट या गटात मोडतो. आपल्याकडचा लाल प्रकार डायटम खाऊन जगतो. अरबी समुद्रातल्या हिरव्या प्रकारानं स्वतःच्या पोटात हिरवं शैवाल पाळलेलं असतं. तो प्रकाशावरही जगतो आणि डायटमही खातो. मग तो प्राणी की वनस्पती? एरेनबर्ग यांना हसणाऱ्यांनी उत्तर द्यावं. गेल्या काही दशकांत हिवाळ्यातल्या अरबी समुद्रात डायटमांची जागा या हिरव्या नॉक्टिल्युकानं घेतली, असं हेल्गा गोम्स आणि जोकिम गोएस या मूळच्या गोव्याच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलं. त्याला खाणारे मुख्यतः जेलीसारखे जीव. तारलीच्या पंगतीला तो फारसा उपयोगी नाही.

याच डायनोफ्लॅजेलेटांपैकी काही विषारी असतात. ते शिनाणे गाळून खातात, विष त्यांच्या मांसात साठतं आणि शिजवलं तरी जात नाही. सप्टेंबर १९९७मध्ये केरळात विळिंजमला शिनाणे खाऊन सात माणसं दगावली आणि शेकडो इस्पितळात गेली. विषारी आणि निरुपद्रवी जातींत फरक केवढा? कवचावरच्या तबकड्या कशा जोडलेल्या आहेत, एवढाच. तो पाहायला एक मिलिलिटर पाणी खोलगट काचेत घ्यावं लागतं आणि चौकटीमागून चौकट सरकवत तासन् तास बसावं लागतं. कर्लीच्या खाडीत ओहोटी लागली की बायका आजही टोपल्या घेऊन तिसऱ्या काढायला उतरतात.