कार्मणेय आहारातील भूदान आणि दात्याचा हेतू

सुरत जिल्ह्यातील तापीकाठचे कामरेज आज तालुक्याचे गाव आणि महामार्गावरचे ठिकाण म्हणून परिचित असले, तरी सातव्या-आठव्या शतकांतील ताम्रपटांत ते ‘कार्मणेय’ या नावाने येते आणि त्याच्याभोवतीच्या गावांचा ‘आहार’, म्हणजे एक महसुली विभाग, त्याच नावाने ओळखला जाई. नवसारीहून राज्य करणाऱ्या चालुक्य शाखेतील युवराज श्र्याश्रय शीलादित्य याने कलचुरी संवत ४४३ मध्ये, म्हणजे इ.स. ६९२ च्या सुमारास, या आहारातील ओसुंभला हे गाव दान दिले. आणि ताजिक म्हणजे अरब फौजेला नवसारीजवळ परतवून लावणाऱ्या अवनिजनाश्रय पुलकेशीने संवत ४९० मध्ये, म्हणजे इ.स. ७३९ च्या सुमारास, याच विभागातील पद्रक हे गाव दक्षिणेतील वनवासीहून आलेल्या अंगद नावाच्या ब्राह्मणाला दिले. महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा जो संग्रह १९५५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हे दोन्ही लेख संपादित झाले असून राजकीय इतिहासासाठी त्यांचा पुष्कळ उपयोग करण्यात आला आहे. माणूस दुसऱ्याचे भले का करतो, या तत्त्वज्ञानातील जुन्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र ते फारसे वाचले गेलेले नाहीत, आणि ही उपेक्षा खेदाची आहे.

या काळातील दानपत्रांत दात्याचा हेतू झाकलेला नसतो. आईवडिलांचे आणि स्वतःचे पुण्य व यश वाढावे म्हणून हे दान देत आहोत, असे राजा ठरलेल्या शब्दांत सांगतो, आणि त्यालाच जोडून बली, चरू, वैश्वदेव, अग्निहोत्र इत्यादी नित्य विधी दान घेणाऱ्याला चालवता यावेत, हेही प्रयोजन नोंदवतो. स्वतःचा लाभ आणि दुसऱ्याची सोय एकाच वाक्यात शेजारी बसतात, आणि त्यांत काही विसंगती आहे असे लेख रचणाऱ्याला वाटत नाही. परार्थ, म्हणजे दुसऱ्याचे हित, हा स्वार्थ पूर्णपणे वजा केल्यावरच उरतो, अशी समजूत बाळगून या लेखांकडे पाहणारा वाचक दात्याला सहज दांभिक ठरवील. पण जो आपला लाभ धातूवर कोरून ठेवतो, त्याच्यावर दंभाचा आरोप टिकत नाही.

त्याहून विचारप्रवर्तक आहे तो लेखाच्या शेवटी येणारा, व्यासांच्या नावावर सांगितला जाणारा श्लोकांचा भाग. भूमी देणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहतो आणि ती हिरावून घेणारा तितकाच काळ नरकात, हा त्यातील सर्वांत परिचित आशय. त्याच्याच जोडीला असे सांगितलेले असते की, सगरापासून अनेक राजांनी ही पृथ्वी भोगली आणि ज्या वेळी ती ज्याच्या ताब्यात असते, त्या वेळी दानाचे फळ त्याला मिळते. शिवाय स्वतः देण्यापेक्षा दुसऱ्याने दिलेले सांभाळणे श्रेष्ठ होय. सनद देणाऱ्या राजापुढची खरी अडचण या श्लोकांतून कळते. आपल्या मृत्यूनंतर येणारा राजा, कदाचित शत्रुकुळातला, हे दान का पाळील? त्याच्या औदार्यावर भिस्त ठेवण्याऐवजी पुण्यातच त्याला वाटेकरी करून घेतले जाते, म्हणजे पूर्वजाचे दान राखणे हा त्याचाही स्वार्थ होतो. आणि एवढ्याने भागले नाही, तर नरकाचे भय असतेच. मनुष्यस्वभावाची इतकी बारकाईने घेतलेली दखल नीतिशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच आढळते.

याच शतकांत मीमांसक, म्हणजे वेदातील विधिवाक्यांचा अर्थ लावणारे शास्त्रकार, तोच प्रश्न शास्त्राच्या भाषेत हाताळत होते. विशिष्ट फळासाठी करायचे ते काम्य कर्म आणि फळाची अट न घालता नेमाने करायचे ते नित्य कर्म, असा भेद त्यांनी मानला. आणि ज्या यज्ञाचे फळ श्रुतीत सांगितलेले नाही, त्याचेही फळ स्वर्ग समजावे, कारण स्वर्ग सर्वांनाच हवा असतो, असा ‘विश्वजित्’ यज्ञावरून ओळखला जाणारा न्याय जैमिनीच्या सूत्रांत आहे. कुमारिलभट्टाच्या मते प्रयोजन दिसल्याशिवाय माणूस कशालाही प्रवृत्त होत नाही, तर प्रभाकराच्या मते ‘हे कर्तव्य आहे’ ही विधीतून होणारी जाणीवच प्रवृत्तीला पुरेशी असते. कार्मणेयाच्या सनदा उघडच कुमारिलाच्या बाजूच्या आहेत.

मराठीत या वादाची सर्वांत सखोल मांडणी लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त केली. केवळ स्वार्थ, हॉब्जसारख्यांचा दूरदर्शी स्वार्थ, स्वार्थ व परार्थ या दोहोंना सारखे मानणारा पक्ष आणि पुष्कळांचे पुष्कळ सुख पाहणारा पक्ष, अशा पायऱ्या दाखवून कर्माची योग्यता अखेर कर्त्याच्या बुद्धीच्या शुद्धतेवर ठरते, असा निर्णय त्यांनी दिला. त्या कसोटीवर पुलकेशीचे दान काम्य, म्हणून खालच्या पायरीचे ठरेल. व्यक्तीची पारख करताना टिळकांची कसोटी मान्य करावीच लागते. परंतु जी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या, अनोळखी माणसांच्या हातून चालवायची आहे, तिला अंतःकरणाच्या शुद्धतेवर उभारता येत नाही, हे सनद लिहिणाऱ्यांना अधिक चांगले कळले होते.

त्यांची उणीव हेतूत नव्हे, अन्यत्र शोधायला हवी. गाव दान देणे याचा अर्थ बहुधा त्या गावाचा उद्रंग, उपरिकर इत्यादी करांचा हक्क देणे असा होता. जमीन कसणारे कुटुंबी तेथेच राहत, तोच भाग देत, फक्त तो घेणारा बदले. म्हणजे पुण्य राजाचे, उपजीविका ब्राह्मणाची आणि धान्य कुणब्याचे. ज्याच्या श्रमातून दान उभे राहिले, तो पुण्याच्या वाटणीत कोठेच नाही. परार्थाची चर्चा दाता आणि ग्राहक या दोघांपुरती आखली की हा तिसरा माणूस निसटतो, आणि तो टिळकांच्या पायऱ्यांतही ठळकपणे दिसत नाही.

पुढे हाच कामरेज तालुका बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात गायकवाडांच्या अमलाखाली आला. सयाजीराव तिसरे यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये संस्थानभर लागू केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. नरकाच्या भयाची जागा येथे दंडाने घेतली, आणि शेतकामातला लहान हात गमावण्याचा भार पुन्हा कसणाऱ्यावरच पडला; परंतु या वेळी ज्याच्या नावाने लाभ लिहिला गेला, तो त्याच कसणाऱ्याचा मुलगा आणि मुलगीही होती.