क्ष-किरणांच्या पाठीमागील वीज

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भोर तालुक्यांत, वरवे बुद्रुक हें गांव आहे. हा मुलूख पूर्वीं भोर संस्थानचा. १९४८ सालीं तें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. अशा गांवांतील एखाद्या मनुष्याचा खोकला महिना-महिना हटेनासा झाला, म्हणजे त्याच्या छातीचें चित्र कोठें घ्यावयाचें, हा प्रश्न वरवर पाहतां वैद्यकाचा वाटतो. मुळांत तो विजेचा होता. क्ष-किरणांची कीर्ति जगभर झाली. परंतु ते कोणाच्या छातीपर्यंत पोंचावयाचे, हें त्यांच्या पाठीमागें उभ्या असलेल्या विजेच्या यंत्रानेंच ठरविलें.

८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्झबर्ग येथें विल्हेल्म राँटगेन यांस हे किरण सांपडले. हवा काढून घेतलेल्या कांचेच्या नळींत ऋण टोंकाकडून निघालेले विद्युत्कण धातूच्या पत्र्यावर आदळले, म्हणजे क्ष-किरण उत्पन्न होतात. मात्र ही आदळ जबरदस्त हवी. मनुष्याच्या छातीच्या आरपार जाणारे किरण पाहिजेत, तर नळीच्या दोन टोंकांमध्यें पन्नास हजारांपासून सव्वा लाख व्होल्टपर्यंत दाब लागतो. घरगुती दिव्याची वीज अवघी २३० व्होल्टची. आणि त्या काळीं तीहि थोड्याच शहरांतून होती.

आरंभीं हा दाब रुहमकॉर्फ याच्या वेटोळ्यांतून मिळे. लोखंडी तारांच्या जुडीवर जाड तारेचे थोडे वेढे, आणि त्यांवर केसासारख्या बारीक तारेचे मैलोगणती वेढे. जाड तारेंतून घटमालेचा प्रवाह सोडावयाचा व एकाएकीं तोडावयाचा. तोडतांच बारीक तारेंत हजारों व्होल्टचा झटका बसे. सारी मदार त्या तोडण्यावर. म्हणून कोणी पाऱ्यांत बुडणारी व वर येणारी कांडी वापरी, तर वेनेल्टनें १८९९ सालीं आम्लांत बुडविलेल्या प्लॅटिनमच्या टोंकाकडून तें काम करून घेतलें. प्रवाह जोडतांना उलट दिशेचा लहानसा झटका बसे, तो नळीला जाळी. शिवाय नळींत राहिलेला वायु वापरानें कमी होई, आणि काल चाललेली नळी आज रुसून बसे. अशा साधनांवर त्या काळच्या डॉक्टरांनीं मोडलेलीं हाडें व रुतलेल्या गोळ्या पाहिल्या, याचें खरोखर नवल वाटतें.

गोळ्यांवरून आठवण होते ती सैन्याची. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेंत सर्जन-मेजर बीव्हर यांनीं हें यंत्र वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत नेलें. पुढल्याच वर्षीं सुदानांत मेजर बॅटर्सबी यांनीं दोघांनीं चालविण्याच्या सायकलीला डायनॅमो जोडून, शिपायांकडून पायंडल मारवून घटमाला भरून घेतली. जखमी शिपायाकरितां वाळवंटांतहि वीज उत्पन्न करतां आली. खोकणाऱ्या कुणब्याकरितां तसा खटाटोप करण्यास पुढें कित्येक दशकें कोणाला सवड झाली नाहीं.

शहरांत मात्र यंत्र झपाट्यानें सुधारत गेलें. १९०७ सालीं अमेरिकेंत स्नूक यानें वेटोळें बाजूस सारून रोहित्र, म्हणजे ट्रान्स्फॉर्मर, वापरला, आणि त्याच्या उलटसुलट प्रवाहाला एका दिशेस वळविण्यासाठीं मोटरीवर फिरणारी पट्टी बसविली. यंत्र चालूं झालें म्हणजे खोलींत ठिणग्यांचा कडकडाट होई व ओझोनचा उग्र दर्प सुटे. १९१३ सालीं कूलिज यानें तापत्या तारेची नळी केली. तार अधिक तापविली कीं किरण अधिक, दाब वाढविला कीं किरण अधिक भेदक. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणें हातांत आल्या, आणि नळीचे रुसवेफुगवे संपले. मागोमाग फिरत्या पट्टीच्या जागीं निर्वात झडपा आल्या. तरी डोक्यावरून उघड्या तारा जात असत, व त्यांच्या धक्क्यानें माणसें दगावलींहि. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत रोहित्र तेलाच्या टाकींत गेलें, तारांवर जाड वेष्टण आलें, तेव्हां कोठें डॉक्टर व रोगी निर्भय झाले.

आतां तें यंत्र तेलाच्या टाकीसह एके जागीं बसलें, आणि जेथें भक्कम वीज तेथेंच तें बसणार हें उघडच आहे. सह्याद्रीच्या पाण्याची वीज १९१५ पासून खोपोलीहून मुंबईकडे जाऊं लागली. वेल्ह्याच्या शेजारच्या मुळशी खोऱ्यांत धरणाविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह झाला, सेनापति बापट तुरुंगांत गेले, शेतें पाण्याखालीं गेलीं, आणि १९२७ सालीं भिऱ्याची वीज मुंबईच्या दिमतीस लागली. डोंगरांतील पुष्कळशा घरांत मात्र पुढेंहि दीर्घकाळ रॉकेलचा दिवा होता.

पुढें गांवोगांव तारा पोंचल्या, तरी अडचण संपली नाहीं. याचा हिशेब सोपा आहे. एक लाख व्होल्ट दाबानें एक-दशांश अँपिअर प्रवाह सोडावयाचा, तर दहा हजार वॅट लागतात. दूरच्या तारेवर एवढा भार एकदम पडला कीं दाब खचतो आणि चित्र फिकट येतें. पण हा भार किती वेळ? सेकंदाचा विसावा भाग. एकंदर शक्ति खर्च होते पांचशें ज्यूल; तेवढ्यांत दहा वॅटचा दिवा एक मिनिटहि जळत नाहीं. म्हणजे छातीच्या चित्राला लागणारी वीज अल्प आहे. ती एका क्षणांत पाहिजे, एवढाच तिचा हट्ट. हें ध्यानांत घेऊन कांहीं यंत्रांत धारित्रें सावकाश भरून एकदम रिकामीं करण्याची युक्ति आली, आणि यंत्र मोटारींत घालून गांवांत नेतां येऊं लागलें.

त्याचें फळ मोठें निघालें. क्षय हा गिरण्यांचा, चाळींचा, शहरांतील कोंदट हवेचा रोग, अशी सुशिक्षितांची दृढ समजूत होती. खेड्यांत मोकळी हवा, तेथें क्षय कसा असेल? खेड्यांतील छाती कोणी पाहिलीच नव्हती, हें या समजुतीचें मोठें कारण असावें. १९५५ ते १९५८ या काळांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें क्ष-किरणांच्या गाड्या देशाच्या निरनिराळ्या भागांत फिरवून शहरें, कसबे व खेडीं तपासलीं. क्षयाचें प्रमाण खेड्यांत शहराइतकेंच आढळलें.

त्यानंतर यंत्र आणखी लहान झालें. १९६० नंतर झडपांच्या जागीं सिलिकॉनचे एकदिशक आले, आणि १९८० च्या सुमारास मोठा पालट झाला. सेकंदास पन्नास आवर्तनांची वीज आधीं एकदिश करावयाची, मग ट्रान्झिस्टरांनीं हजारों वेळां तोडून रोहित्रास द्यावयाची. आवर्तनें वाढलीं कीं तितक्याच दाबाला लोखंडी गाभा कितीतरी लहान पुरतो. मणभर वजन हातांत मावतें. उरलेला दाब ग्राइनाखर यानें १९२० च्या सुमारास दाखविलेली धारित्रांची उतरंड चढवूं शकते. रुहमकॉर्फच्या वेटोळ्याचें तत्त्व, प्रवाह तोडावा आणि दाब मिळवावा, तें येथें पुन्हां भेटतें. पारा आणि आम्ल तेवढें गेलें. आजचें हातांत धरण्याचें क्ष-किरण यंत्र साडेतीन किलोंच्या आसपास भरतें व विद्युत्घटावर चालतें.

२०१९ ते २०२१ या काळांत देशभर क्षयाची पुन्हां पाहणी झाली. खोकला, ताप, वजन घटणें इत्यादि लक्षणें विचारून संशयित निवडले, आणि जोडीला छातीचें चित्रहि घेतलें. चित्र घेतलें नसतें, तर सांपडलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ४२.६ सुटून गेले असते.