पाठ फिरविण्याचे अर्थ

दिल्लीत नेमणुकीवर असताना मी एकदा उत्तर दिल्लीतील कॉरोनेशन पार्कला गेलो होतो. तेथील स्तंभापाशी उभे राहिल्यावर मराठी माणसाला बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आठवणारच.

१२ डिसेंबर १९११ रोजी येथे बादशहा पाचव्या जॉर्जचा दरबार भरला. निजामानंतर सयाजीरावांची पाळी आली. त्यांनी एकदाच लवून मुजरा केला, काही पावले मागे सरकले आणि पाठ फिरवून निघाले. बादशहाला पाठ दाखवू नये, असा शिरस्ता होता.

त्याच दरबारात बंगालची फाळणी रद्द झाली व राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ला राजधानी गेल्याचे शल्य होते, तर फाळणीविरुद्ध झगडलेल्या बंगाली पत्रांना विजयाचा आनंद. इंग्लंडमधील पत्रांना मात्र गायकवाडांची पाठच अधिक सलली. बडोद्यावर सरकारचा संशय आधीपासून होताच. अरविंद घोष १९०६ पर्यंत तेथे सेवेत होते. साहजिकच त्या पाठीत राजद्रोह दिसला. देशी पत्रांना १९१० च्या मुद्रण कायद्यामुळे जपून लिहावे लागे. पण स्वाभिमानी मनांनी त्याच पाठीत तेजस्विता पाहिली.

सयाजीरावांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना पत्र लिहून खुलासा केला: आपण गोंधळलो, कोणत्या बाजूने जायचे हे विचारण्यासाठी वळलो. ते पत्र छापले गेले. दरबाराचे चलच्चित्रही लंडनमध्ये दाखविले गेले. तरीही वाद शमला नाही, कारण चित्रात पाठ दिसते, हेतू दिसत नाही.

मला विशेष वाटते ते हे, की निंदक आणि प्रशंसक दोघेही एका गोष्टीवर एकमत होते: कृती हेतुपुरस्सर होती. गोंधळलेला महाराजा कोणालाच नको होता. त्यांच्या मनात खरोखर काय होते, हे मीही सांगू शकत नाही.

जिल्ह्यात असताना एका मंत्रिमहोदयांच्या स्वागताला मी उशिरा पोहोचलो. दुसऱ्या दिवशी एका पत्राने मला उद्दाम ठरविले, दुसऱ्याने बाणेदार. खरे कारण रेल्वेचे बंद फाटक होते. ते कोणीच छापले नाही, आणि खरे सांगायचे तर 'बाणेदार' हा शब्द वाचून मीही खुलासा पाठविला नाही.

तेव्हापासून कात्रणांवर टिपणी लिहिताना मी 'काय घडले' आणि 'का घडले' यांचे परिच्छेद वेगळे ठेवतो. दुसरा बहुधा कोराच राहतो.